खिशातला चाकू निवडताना: ठाणे–नवी मुंबईत रोज जवळ बाळगायचं मल्टी-टूल

मल्टी-टूल, म्हणजे एकाच मुठीत अनेक हत्यारं असलेला घडीचा चाकू किंवा पक्कड, घेणारे बहुतेकजण सुरुवातीलाच एक चूक करतात, ती म्हणजे कामं मोजत बसणं. डब्यावर ‘बारा कामं’, ‘एकवीस कामं’ असे आकडे ठळक छापलेले असतात आणि जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, असा आपला समज होतो. हे आकडे कसे बनतात ते एकदा बघा. विक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या स्पार्टन या साध्या चाकूवर बारा कामं सांगितली जातात. त्यात चावी अडकवायची कडी हे एक काम आहे, दातकोरणं एक, चिमटा एक आणि बॉटल ओपनरच्या बुडाशी असलेली वायर सोलायची खाच हे आणखी एक. प्रत्यक्षात नखाने उघडायच्या गोष्टी सहाच: मोठं पातं, छोटं पातं, टिन ओपनर, बॉटल ओपनर, भोक पाडायची आरी आणि कॉर्कस्क्रू. चाकू उत्तमच आहे, पण निवडताना बारा या आकड्याचा काही उपयोग नाही.

त्यापेक्षा आठवडाभर फोनमध्ये एक नोंद ठेवा. हत्याराची गरज पडली की दोनच गोष्टी लिहा: काय करायचं होतं आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात. कुरिअरच्या खोक्यावरची ब्राउन टेप, दुधाची पिशवी, नव्या कपड्याचं लेबल, कुकरच्या मुठीचा ढिला स्क्रू, चष्म्याची निसटलेली दांडी, गाडीच्या नंबर प्लेटचा खडखडाट, वेफर्सचं न फाटणारं पाकीट, अशी यादी होईल. मग घरात घडलेल्या सगळ्या नोंदी खोडून टाका. घरात कात्री असते, सुरी असते, ड्रॉवरमध्ये पक्कड असते, आणि ती हत्यारं खिशातल्या कुठल्याही चाकूपेक्षा ते काम चांगलं करतात. बाहेरच्या जेवढ्या नोंदी उरतील, तेवढ्यांसाठीच चाकू घ्यायचा आहे. बहुतेकांच्या यादीत मग तीन गोष्टी राहतात: काहीतरी कापणं, काहीतरी कातरणं आणि एखादा छोटा स्क्रू. गाडीवर फिरणाऱ्यांच्या यादीत पक्कड येते, साइटवर काम करणाऱ्यांच्या यादीत वायर येते. करवत जवळपास कुणाच्याच यादीत येत नाही, तरी चाकू घेताना तिचा मोह सगळ्यांना पडतो.

आधी माप, मग हत्यारं

एटीएम कार्ड हातात घ्या. त्याची लांबी ८५.६ मिलिमीटर आणि रुंदी ५४ मिलिमीटर असते. स्विस चाकूंची मापं याच्याशी ताडून बघितली की अंदाज चुकत नाही.

५८ मिलिमीटरचा चाकू कार्डाच्या रुंदीपेक्षा किंचित मोठा असतो. क्लासिक एसडी हा यातला ठरलेला नमुना: छोटं पातं, कात्री, टोकाला चपटा स्क्रू ड्रायव्हर असलेली नखाची कानस, चिमटा, दातकोरणं. वजन २० ग्रॅमच्या आसपास. किल्ल्यांच्या जुडग्यात तो असल्याचं जाणवतही नाही. कुर्ता किंवा चुडीदार घालणाऱ्यांना खिसाच नसतो. पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायला यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही.

८४ मिलिमीटर म्हणजे जवळपास कार्डाएवढी लांबी. या मापात कॅडेट हा अॅल्युमिनियमच्या मुठीचा चाकू फार पातळ आहे, शर्टाच्या खिशातही चालतो. पण त्यात कात्री नाही, कानस आहे.

९१ मिलिमीटर हे सगळ्यात रुळलेलं माप. लांबी सगळ्यांची सारखी, जाडी मात्र थरांप्रमाणे, म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या हत्यारांच्या ओळींप्रमाणे, वाढते. स्पार्टन आणि टिंकर दोन थरांचे, साधारण ६० ग्रॅम. क्लाइंबर तीन थरांचा, त्यात कात्री येते आणि वजन ८० ग्रॅमच्या वर जातं. हंट्समनमध्ये करवतीचा चौथा थर आला की शंभराच्या जवळ. स्विसचॅम्प १८५ ग्रॅमचा आहे आणि हातात विटेच्या तुकड्यासारखा लागतो. तो कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवायला छान.

लोकलने जाणाऱ्यांसाठी कसोटी सोपी आहे. सकाळी पावणेनऊला ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत दारापासून आत सरकताना पँटच्या पुढच्या खिशात जे टोचेल, ते आठवड्याभरात घरी राहायला लागेल. तीन थरांपर्यंत टोचत नाही, चौथ्या थरापासून टोचतं. फोन ज्या खिशात त्या खिशात चाकू ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. फोनवर ओरखडे पडायचा धोका असतो.

पकडीवाली मल्टी-टूलं हा वेगळा वर्ग. टिम लेदरमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला कंपनी सुरू केली, तेव्हापासून घडीची पक्कड म्हटलं की लोक ‘लेदरमन’च म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. त्यांच्या वेव्ह प्लसचं वजन २४१ ग्रॅम. ते खिशात ठेवलं की पँट एका बाजूने खाली ओढली जाते, आणि पट्ट्याला पाऊच लावून फिरलं की प्रत्येक गेटवरचा सिक्युरिटी थांबवतो. स्केलेटूल १४२ ग्रॅमचं आहे, ते कसंबसं खिशात मावतं. आमचं मत स्पष्ट आहे: पकडीची जागा स्कूटरच्या डिकीत किंवा लॅपटॉपच्या बॅगेत. ‘रोज जवळ’ म्हणजे रोज मांडीवरच असायला हवं असं नाही.

एकेका हत्याराबद्दल

कात्री ही मल्टी-टूलमधली सगळ्यात जास्त वापरली जाणारी आणि निवडताना सगळ्यात कमी बघितली जाणारी गोष्ट. औषधाची पट्टी, धागा, पाकीट, नख, फीत, मुलांच्या हस्तकलेचा कागद, ही कामं पात्यानेही होतात, पण लोकांमध्ये बसून पातं उघडलं की शेजारचा दचकतो. कात्री काढली तर कुणी मान वर करून बघत नाही. म्हणून यादीत कातरणं असेल तर कात्रीसाठी एक थर जाड चाकू घ्यावा. जाडी नको असेल तर काँपॅक्ट हे मॉडेल बघा, दोन थरांत कात्री बसवलेली आहे. कात्री बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: केबल टाय किंवा वायर तिच्यात धरून दाबल्यामुळे. दोन्ही पाती बाजूला फाकतात आणि मग जाड कागद कापला जातो, पातळ प्लास्टिक मात्र मध्येच दुमडून अडकतं. कात्रीची छोटी स्प्रिंग तुटली तर घाबरू नका, ती सुटी मिळते आणि चिमट्याने पाच मिनिटांत बसवता येते.

स्क्रू ड्रायव्हरच्या बाबतीत चौफुलीचा, म्हणजे फिलिप्सचा, आग्रह सगळे धरतात. टिंकरमध्ये तो चाकूच्या पाठीवर मध्यभागी बसवलेला असतो. उघडला की इंग्रजी टी अक्षर होतं. जोर भरपूर लावता येतो, पण खोल भोकातल्या किंवा कोपऱ्यातल्या स्क्रूपर्यंत तो पोचत नाही, कारण चाकूची मूठच भिंतीला अडते. तीन पिनांच्या प्लगचं उदाहरण घ्या. त्याचं झाकण उघडायचा स्क्रू अनेकदा खोल भोकात असतो. टी आकाराचा ड्रायव्हर तिथे टेकतही नाही, पण टिन ओपनरचं तीन मिलिमीटरचं टोक सरळ आत जातं. हे टोक चौफुलीच्या स्क्रूतही तिरकं बसतं आणि बऱ्यापैकी फिरतं. स्पार्टन किंवा क्लाइंबर वापरणारे वेगळ्या फिलिप्सवाचून वर्षानुवर्षं निभावतात ते यामुळेच. मोठ्या, गंजलेल्या स्क्रूला मात्र ते लावू नका, खाच झिजून जाते आणि मग स्क्रू कुणालाच निघत नाही.

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू यांतल्या कशानेच फिरत नाही. त्यासाठी कॉर्कस्क्रूच्या वेटोळ्यात फिरवून ठेवायचा सुईएवढा मिनी स्क्रू ड्रायव्हर येतो. काही मॉडेलबरोबर तो असतो, नसला तर वेगळा घ्या. चष्मा लावणाऱ्याने कॉर्कस्क्रूला ‘आपल्याकडे वाइन कोण उघडतंय’ म्हणून नाकारण्याआधी हे लक्षात घ्यावं. शिवाय घट्ट बसलेली सुतळीची गाठ सोडवायला कॉर्कस्क्रूसारखं हत्यार नाही: टोक गाठीत घालायचं, अर्धा फेरा द्यायचा आणि ओढायचं. गणपतीच्या मखराचे दोर सोडताना हे कळतं.

विजेच्या कामाबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. मूठ प्लास्टिकची असली तरी हा चाकू इन्सुलेटेड नाही. आतल्या पट्ट्या आणि रिव्हेट धातूचे असतात आणि बोटं त्यांना टेकतातच. स्विचबोर्ड उघडायचा तर आधी एमसीबी (वीज बंद करायचा स्विच) खाली पाडायचा, टेस्टर लावून बघायचं, मगच स्क्रूला हात. २३० व्होल्टला चाकू कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

पात्याला लॉक हवा की नको, हा प्रश्न कापण्याच्या पद्धतीवरून सुटतो. ५८ ते ९३ मिलिमीटरच्या बहुतेक स्विस चाकूंना लॉक नसतो. पाठीच्या स्प्रिंगच्या ताणावर पातं उघडं राहतं. टेप चिरणं, फळ कापणं, दोर कापणं यात जोर धारेच्या बाजूने जातो, त्यामुळे पातं मिटायचा प्रश्न येत नाही. टोक खुपसून भोक पाडायला गेलात की मात्र ते बोटांवर मिटतं. अशी कामं वारंवार असतील तर १११ मिलिमीटरचे लॉकवाले चाकू किंवा लेदरमन बघा. नाहीतर भोक पाडायला आरी वापरा, पण तिलाही लॉक नाही. ती ज्या बाजूला मिटते त्या बाजूला बोटं न ठेवता, मूठ घट्ट धरून, दाबापेक्षा फिरवण्यावर भर द्यायचा. पट्ट्याला नवीन भोक, चपलेचा अंगठा, बॅगेचा पट्टा ही तिची कामं.

एका हाताने झटक्यात उघडणारे आणि बटण दाबून पातं बाहेर येणारे चाकू आम्ही सुचवत नाही. खटक्याचा चाकू आपल्याकडे एकाच कामासाठी ओळखला जातो. नखाने उघडायचा लाल चाकू बघितल्यावर हवालदाराच्या डोक्यात येणारा विचार आणि खटक्याचा चाकू बघितल्यावर येणारा विचार यात फार अंतर आहे.

टिन ओपनर आणि बॉटल ओपनर असतातच, त्यांचा विचार करत बसायचं कारण नाही. बॉटल ओपनरचं सहा मिलिमीटरचं टोक रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला मात्र फार कामी येतं, आणि तेवढ्यापुरतं पातं वाचतं. उचकटायला पातं वापरणं हे चाकू मोडायचं सगळ्यात मोठं कारण आहे. पातं कापण्यासाठी कडक केलेलं असतं, वाकण्यासाठी नाही, म्हणून टोक टिचकन तुटतं. भिंग, कानस, माशाचे खवले काढायची पट्टी हे यादीत असेल तरच. करवत वायरिंगचा प्लास्टिकचा कन्ड्युट पाइप झकास कापते, तेव्हा साइटवर जाणाऱ्यांनी ती घ्यावी. येऊरच्या जंगलात फांद्या तोडायला कुणी घेत असेल तर न घेतलेली बरी, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

खाडीची हवा आणि पोलाद

ठाण्यापासून बेलापूरपर्यंत सगळी वस्ती खाडीच्या काठाने. हवेत मीठ, अंगाला घाम, आणि जून ते सप्टेंबर पिशवीत ओली छत्री. ‘स्टेनलेस’ म्हणजे गंजणारच नाही असं नसतं. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात, आणि मिठातलं क्लोराइड त्या क्रोमियममुळे पोलादावर धरणाऱ्या पातळ थरालाही टोचून भोकं पाडतं. गंज आधी पात्यावर दिसत नाही. तो नखाच्या खाचेत, पात्याच्या बुडाशी आणि आतल्या स्प्रिंगवर धरतो, आणि पहिलं लक्षण म्हणजे चाकू उघडताना कुरकुरतो.

स्विस चाकूंची पाती रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५६ च्या आसपास असतात, करवत आणि कात्री ५३, ड्रायव्हर आणि ओपनर ५२, स्प्रिंग ४९. म्हणजे एकाच चाकूत चार वेगवेगळे कडकपणा, प्रत्येकाच्या कामाप्रमाणे. चाकूचे शौकीन ५६ ला मऊ म्हणून नाक मुरडतात. दमट हवेत आणि रोजच्या वापरात हेच बरं: धार लवकर उतरते हे खरं, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते, आणि गंजाला ते चांगलं तोंड देतं. लेदरमन बऱ्याच मॉडेलांत ४२० एचसी हे पोलाद वापरते, तेही आपल्या हवेला ठीक.

डी-टू या पोलादाचे घडीचे चाकू ऑनलाइन फार दिसतात. धार अप्रतिम टिकते. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी झालेल्या संयुगात, अडकलेलं असतं, त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नाही. पुण्यात चालेल, वाशीला जुलैत घामट खिशात ठेवलं तर काळे ठिपके धरतील. कार्बन पोलादाचा चाकू आवडत असेल तर तो स्वयंपाकघरात ठेवा. आणि डब्यावर पोलादाचं नाव न देता नुसतं ‘सर्जिकल स्टील’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ काहीही असू शकतो, म्हणजेच काहीच नाही.

कायदा, गेट आणि तपासणी

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांत धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचे चाकू धरले आहेत. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. ९१ मिलिमीटरच्या चाकूचं पातं सुमारे ६ सेंटिमीटर, वेव्ह प्लसचं ७.४. नऊ इंच म्हणजे जवळपास २३ सेंटिमीटर. तेव्हा मापाच्या बाबतीत तुम्ही खूपच आत आहात.

पण गोष्ट तिथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी आयुक्तालयं आहेत, आणि सणासुदीला, निवडणुकीच्या आसपास दोन्हीकडे असे आदेश निघत असतात. त्यात शस्त्रं, सुरे, काठ्या आणि ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी वस्तू’ जवळ बाळगायला बंदी असते. तिथे इंच मोजत नाहीत. मोर्चा, सभा, मिरवणूक, मतदान केंद्र, न्यायालय, पोलीस ठाणं, इथे जाताना चाकू घरी ठेवायचा, आणि यावर वाद घालायचा नाही. ‘स्वसंरक्षणासाठी बाळगतो’ हे वाक्य तर कुणालाही, कधीही म्हणू नये. ते खरंही नसतं आणि त्या एका वाक्याने अवजाराचं शस्त्र होतं.

रोजचे अडथळे वेगळे. ऐरोली–महापेच्या आयटी पार्कांत आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांत गेटवर बॅग स्कॅनमधून जाते; कामाच्या ठिकाणी काय चालतं ते पहिल्याच दिवशी सिक्युरिटी ऑफिसला विचारून घ्या, रोज गेटवर नशीब आजमावू नका. मॉलमध्ये आणि मेट्रो स्टेशनांवर समोरचा माणूस ठरवेल ते खरं. म्हणून ज्यांचा दिवसातून दोनदा स्कॅनरशी संबंध येतो, त्यांनी ९१ चा हट्ट सोडून ५८ मिलिमीटर घ्यावा, किंवा पातं अजिबात नसलेलं टूल बघावं. कात्री, चिमटा आणि ड्रायव्हर एवढंच असलेली छोटी टूलं मिळतात.

विमानाचा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि तरी दरवेळी कुणीतरी विसरतं. हातातल्या सामानात पातं चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत चालतं. चाकू किल्ल्यांच्या जुडग्यात असेल तर घरातून निघतानाच काढा. सिक्युरिटीच्या रांगेत तो सापडला की टाकून देण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही.

दुकानात हातात घेऊन

ऑनलाइन घेतलं तरी हीच तपासणी घरी डबा उघडल्या उघडल्या करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

डब्यापासून सुरुवात. आयात केलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनली ते, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. हे लेबल नसेल तर माल एकतर खोटा आहे किंवा मागच्या दाराने आलेला. दोन्हीत वॉरंटी मिळणार नाही. मोठ्या पात्याच्या बुडावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. अक्षरं बारीक, सरळ आणि खोल हवीत; नकली चाकूवर ती पुसट किंवा नुसती छापलेली दिसतात. मुठीवरची क्रॉस आणि ढाल बऱ्याच मॉडेलांत मुठीत बसवलेली असते, चिकटवलेली नाही: नख फिरवलं तर अडकायला नको.

मग चाकू मिटलेला धरून ट्यूबलाइटकडे करून बघा. थरांच्या पट्ट्या आणि पाठीच्या स्प्रिंगमधून उजेडाची फट दिसायला नको. एकेक हत्यार उघडा. प्रत्येक हत्यार नखाने उघडलं पाहिजे, नख मोडण्याइतकं घट्ट नको, आणि उघडून शेवटी ‘टक्’ असा एकच स्वच्छ आवाज हवा. आवाज बसका असेल तर स्प्रिंग ढिली आहे. मोठं पातं उघडं ठेवून दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवा. हललं तर परत द्या, वापराने ते घट्ट होत नाही, आणखी ढिलंच होतं. पातं मिटताना शेजारच्या पट्टीला घासतंय का, हे पात्याच्या अंगावर ओरखड्याची रेघ आहे का त्यावरून कळतं.

कात्रीसाठी दुकानातलीच पातळ कॅरी बॅग मागा. टोकापर्यंत दुमडल्याशिवाय कापली गेली पाहिजे.

पकडीच्या टूलची परीक्षा अशी: पक्कड पूर्ण मिटून उजेडाकडे धरा. टोकं आधी टेकली पाहिजेत, बुडाशी केसाएवढी फट चालते. टोकात एकच कागद धरून ओढा, निसटायला नको. मग केबल टाय कापून बघा. स्वस्त टूलांत जबड्याचं लोखंड मऊ असतं. थोडा जोर लावला की दोन टोकं एकमेकांवरून तिरकी सरकतात, आणि एकदा सरकली की ती पक्कड संपली. घरासाठी टपारियाची आठ इंची पक्कड घ्या, तिची बरोबरी कुठलंच घडीचं टूल करत नाही.

ठाणे स्टेशनबाहेर किंवा पुलावर विकायला असणारी ‘कार्ड नाइफ’ आणि ‘अकरा कामांची’ पत्र्याची टूलं एका कामाला उपयोगी आहेत: लहान मुलाला ती हातात देऊ नये, हे समजावून सांगायला. हत्यारांच्या घाऊक बाजारासाठी मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट जुनी आणि भरवशाची, पण तिथे पान्या-पकडींसाठी जा. चाकू अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

आणल्यावर काय करायचं

पहिल्या आठवड्यात सगळी हत्यारं रोज एकदा उघडून मिटा. नवा चाकू घट्ट असतो, तो यानेच मोकळा होतो.

महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, अंघोळ घाला. कोमट पाणी, भांड्याचा साबण दोन थेंब, सगळी हत्यारं अर्धी उघडी ठेवून जुन्या टूथब्रशने बुडाशी घासायचं. पाण्याखाली धरून आठ-दहा वेळा उघडझाप केली की खिशातले कापडाचे तंतू आणि वाळू बाहेर येते. मग झटकून पुसायचं आणि पंख्याखाली उघडाच दोन-तीन तास ठेवायचा. ओला मिटलेला चाकू आतून गंजतो, आणि ते तुम्हाला दोन महिन्यांनी कळतं. दातकोरणं आणि चिमटा आधी काढून ठेवा, त्यांच्या खोबणीत पाणी साठतं. प्लास्टिकच्या मुठीला अॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, लावायचं नाही, ती विरघळते.

कोरडा झाला की प्रत्येक सांध्यावर तेलाचा एक थेंब. फळं कापत असाल तर मेडिकलमधली लिक्विड पॅराफिनची बाटली आणा, त्याचा अंश पोटात गेला तरी चालतं. नुसत्या टेप आणि दोरांसाठी शिलाई मशीनचं तेल पुरतं. खोबरेल वापरू नका. घरात हाताशी असतं म्हणून सगळे तेच घालतात, पण ते हळूहळू चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि जानेवारीच्या थंडीत तर थिजतंही. आपल्याकडचे अर्धे ‘जाम झालेले’ चाकू खोबरेलाने जाम झालेले असतात. असा चाकू आला तर कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास बुडवून ठेवा, मग घासा.

धार लावायला सायकलवर चाक फिरवत येणाऱ्याकडे देऊ नका. त्याच्या दगडावर कोयता आणि विळी छान होते, पण दोन मिलिमीटर जाडीचं पातं क्षणात तापतं, धारेवर निळसर झाक येते आणि तेवढ्या भागाचा कडकपणा उतरतो. मग धार दोन दिवसही टिकत नाही. घरी ८०० ते १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचं माप) दगड पाण्यात भिजवा, पातं दगडाला साधारण २० अंशांवर धरा. २० अंश म्हणजे किती? पातं दगडावर उभं धरलं की ९०, त्याचं निम्मं ४५, पुन्हा निम्मं साधारण २२. तिथून किंचित खाली. एका बाजूने दहा वेळा, बुडापासून टोकापर्यंत, हलक्या हाताने, मग दुसऱ्या बाजूने दहा. विरुद्ध बाजूला अंगठा आडवा फिरवल्यावर केसाएवढी खरखरीत बर, म्हणजे धारेवर वळलेली धातूची कड, लागली की ती बाजू झाली. शेवटी एकेक फेरा आलटून पालटून देऊन बर काढून टाका, आणि वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघा. फाटला तर अजून पाच फेरे. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची खरखरीत, न चकाकणारी कड तात्पुरती चालते.

आरीला धार एकाच बाजूला असते, तेव्हा ती एकाच बाजूने घासायची. करवतीला आणि कात्रीला दगड लावायचाच नाही. कात्री बोथट वाटली तर आधी तिच्या पात्यांवर टेपचा चिकटा किंवा वाळलेलं दूध साठलंय का ते बघा. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने नुसती पाती पुसली, तर दहातल्या नऊ वेळा ती पुन्हा कापायला लागते. स्पिरिट मुठीला लागू देऊ नका.